संशोधन पद्धतीचा अभ्यासक्रम : अपेक्षा, मूल्यमापन आणि श्रेणी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून महाराष्ट्रातील विद्यापीठांमध्ये २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून पदव्युत्तर शिक्षणाची नवी रचना लागू करण्यात आली. या रचनेत ‘संशोधन पद्धती’ हा विषय पहिल्याच सत्रात समाविष्ट करण्यात आला आहे. पूर्वी हा विषय अभ्यासक्रमात असावा की नसावा आणि असल्यास किती असावा, हे बहुतांशी त्या त्या विषयाच्या अभ्यास मंडळावर अवलंबून असे. आता मराठी, इतिहास, अर्थशास्त्र, वाणिज्य वा रसायनशास्त्र यांपैकी कोणत्याही विषयात पदव्युत्तर पदवी घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला या विषयाची ओळख करून घ्यावी लागते.

या विषयाचा संबंध केवळ विद्यापीठाशी आहे, असे मानणे योग्य होणार नाही. संशोधन करणारा विद्यार्थी माहितीसाठी अखेर गावातच येतो. ग्रामपंचायतीची नोंदवही, शाळेचे हजेरीपत्रक, प्राथमिक आरोग्य केंद्राची आकडेवारी आणि घरोघरच्या कुटुंबप्रमुखांची उत्तरे हेच त्याचे साहित्य असते. या साहित्यावरून काढलेले निष्कर्ष पुढे अहवालांत उद्‌धृत होतात आणि योजनांच्या आखणीत वापरले जातात. म्हणूनच या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याकडून काय अपेक्षिले जाते आणि त्याला श्रेणी कशाबद्दल मिळते, हे शिक्षक, अधिकारी आणि पंचायत सदस्य यांनीही समजून घेणे उपयुक्त ठरेल.

महाराष्ट्रातील परंपरा

गावाचा पद्धतशीर अभ्यास करण्याची परंपरा या राज्यात जुनी आहे. पुणे येथील कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाची केलेली पाहणी १९१७ मध्ये प्रसिद्ध झाली. हे गाव आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. तेथील शेतजमिनीचे सरासरी धारणक्षेत्र १७७१ मध्ये सुमारे ४० एकर होते, ते १९१५ पर्यंत सुमारे ७ एकरांवर आले, असे या पाहणीत दाखवून देण्यात आले. त्यानंतर डॉ. मॅन आणि श्री. ना. वि. कानिटकर यांनी जातेगाव बुद्रुक या दुसऱ्या गावाचा केलेला अभ्यास १९२१ मध्ये प्रकाशित झाला. पुण्यात १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेने प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली ही परंपरा पुढे नेली. देशपातळीवर १९५० पासून राष्ट्रीय नमुना पाहणीचे कार्य सुरू झाले.

या पाहण्यांचे महत्त्व केवळ त्यांतील आकड्यांमुळे नाही. आकडे कोणत्या नोंदींवरून घेतले, कोणाला विचारले आणि हिशेब कसा केला, हे त्यांत नमूद केलेले असल्यामुळे शंभर वर्षांनंतरचा वाचकही ते तपासून पाहू शकतो. संशोधन पद्धती या विषयाचे सारे मूल्यमापन याच एका कसोटीभोवती उभे आहे. निष्कर्ष मोठा आहे की लहान, अपेक्षेप्रमाणे आहे की अपेक्षेविरुद्ध, याला तेथे गौण स्थान आहे. ज्या मार्गाने विद्यार्थी त्या निष्कर्षापर्यंत पोहोचला, तो मार्ग दुसऱ्या कोणाला तपासता येतो किंवा नाही, हे पाहून गुण दिले जातात.

श्रेयांकांची मांडणी

दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची विभागणी चार सत्रांमध्ये करण्यात आली असून प्रत्येक सत्रासाठी २२, याप्रमाणे एकूण ८८ श्रेयांक ठेवण्यात आले आहेत. सैद्धांतिक विषयाच्या साधारणतः १५ तासांच्या अध्यापनास एक श्रेयांक, तर प्रात्यक्षिकाच्या ३० तासांस एक श्रेयांक, असा हिशेब प्रचलित आहे. पहिल्या सत्रातील संशोधन पद्धती या विषयाला ४ श्रेयांक आहेत. दुसऱ्या सत्रात क्षेत्रीय प्रकल्प किंवा प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण यासाठी ४, तिसऱ्या सत्रात संशोधन प्रकल्पासाठी ४ आणि चौथ्या सत्रात संशोधन प्रकल्पासाठी ६ श्रेयांकांची तरतूद आहे. याचा अर्थ ८८ पैकी १८ श्रेयांक, म्हणजे जवळजवळ एक पंचमांश भाग, संशोधन आणि क्षेत्रीय कार्याशी निगडित आहे. पहिल्या सत्रातील हा विषय कच्चा राहिला, तर पुढील तिन्ही सत्रांतील कामावर त्याचा परिणाम होतो.

विद्यार्थ्याकडून अपेक्षा

तपशिलात विद्यापीठागणिक फरक असला, तरी या अभ्यासक्रमाच्या मुख्य अपेक्षा सर्वत्र सारख्या आहेत. पहिली अपेक्षा म्हणजे उत्तर देता येईल असा प्रश्न मांडणे. ‘ग्रामीण शिक्षणाच्या समस्या’ हा विषय झाला, संशोधनाचा प्रश्न नव्हे. ‘अमुक तालुक्यातील जिल्हा परिषद शाळांतील पाचवी ते आठवीच्या मुलींची गैरहजेरी वर्षाच्या कोणत्या महिन्यांत वाढते आणि कोणत्या कारणांनी?’ हा प्रश्न आहे. कारण त्याचे उत्तर कोठे शोधावयाचे, हे त्यातच सूचित होते.

दुसरी अपेक्षा पूर्वीच्या अभ्यासाचा आढावा घेण्याची. हा आढावा म्हणजे पुस्तकांची यादी नव्हे. आधीच्या अभ्यासकांनी काय सिद्ध केले, त्यांच्यात मतभेद कोठे आहेत आणि कोणती बाजू तपासावयाची राहिली आहे, हे त्यात दिसले पाहिजे. तिसरी अपेक्षा नमुना निवडीची, चौथी प्रश्नावली किंवा मुलाखतीची अनुसूची यांसारखे साधन तयार करून त्याची लहान प्रमाणावर पूर्वचाचणी घेण्याची आणि पाचवी माहितीच्या विश्लेषणाची असते. ज्यांच्याकडून माहिती घ्यावयाची त्यांची संमती, त्यांच्या नावांची गुप्तता आणि इतरांच्या लेखनाचा प्रामाणिक निर्देश या नैतिक बाबी या पाचही टप्प्यांना लागू आहेत.

नमुना निवडीचा धडा

या विषयात विद्यार्थ्यांचे गुण सर्वाधिक जातात ते नमुना निवडीत. मोठा नमुना म्हणजे चांगला नमुना, ही समजूत त्यामागे असते. ही समजूत किती घातक ठरू शकते, याचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीचे आहे. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठविल्या. त्यांपैकी वीस लाखांहून अधिक परत आल्या. त्यांवरून लँडन विजयी होतील, असे भाकीत करण्यात आले. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत विजयी झाले. पत्ते मुख्यतः दूरध्वनी आणि मोटारगाड्यांच्या नोंदींवरून घेतले गेले होते. मंदीच्या त्या काळात दूरध्वनी आणि मोटार नसलेला मतदार या यादीबाहेरच राहिला. शिवाय ज्यांनी उत्तरे पाठविली, ते न पाठविणाऱ्यांपेक्षा वेगळ्या मताचे होते.

हेच तत्त्व महाराष्ट्रातील खेड्याला लावून पाहता येईल. मराठवाड्यातील अनेक गावांतून ऊसतोडणीसाठी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास स्थलांतर करतात आणि हंगाम संपल्यावर उन्हाळ्याच्या प्रारंभी परततात. स्थलांतराचा मुलांच्या शिक्षणावरील परिणाम अभ्यासणारा एखादा विद्यार्थी जानेवारीत अशा गावी गेला आणि घरी भेटतील त्या कुटुंबांकडून त्याने प्रश्नावली भरून घेतली, असे समजू. त्याचे कोष्टक व्यवस्थित असेल, टक्केवारी अचूक असेल. परंतु ज्यांच्याविषयी अभ्यास करावयाचा, तीच कुटुंबे त्याच्या नमुन्यात नसतील. ‘स्थलांतराचा शिक्षणावर फारसा परिणाम होत नाही’ असा निष्कर्ष त्यातून निघाला, तर तो गणिताच्या चुकीमुळे नव्हे, तर पाहणीच्या महिन्यामुळे निघालेला असेल. त्या निष्कर्षाच्या आधारे हंगामी वसतिगृहाची गरज नाही, असे कोणी ठरविल्यास त्याची किंमत विद्यार्थ्याला नव्हे, तर मुलांना मोजावी लागेल.

माहिती कोठे आणि कोणासमोर घेतली, यालाही तितकेच महत्त्व आहे. ग्रामसभेत महिलांना बोलू दिले जाते काय, हा प्रश्न ग्रामपंचायत कार्यालयात, पदाधिकाऱ्यांच्या उपस्थितीत विचारला तर मिळणारे उत्तर आणि तोच प्रश्न स्वयंसहायता गटाच्या बैठकीत विचारला तर मिळणारे उत्तर ही वेगळी असण्याचा संभव आहे. म्हणून परीक्षक अहवालात पाहणीचा दिनांक, स्थळ, कुटुंबांच्या यादीचा आधार, निवडीची रीत आणि न भेटलेल्या कुटुंबांची संख्या यांची नोंद शोधतात. ही नोंद नसल्यास उत्तम दिसणाऱ्या अहवालाचेही गुण कमी होतात, आणि ते योग्यच आहे.

गुणांकडून श्रेणीकडे

या विषयाचे मूल्यमापन अंतर्गत आणि सत्रान्त अशा दोन भागांत होते. दोहोंचे प्रमाण विद्यापीठ ठरविते. काही ठिकाणी ते समसमान, तर काही ठिकाणी अंतर्गत ४० व सत्रान्त ६० असे असते. लेखी परीक्षेत संकल्पनांचे ज्ञान तपासता येते. प्रश्न मांडण्याचे आणि आराखडा रचण्याचे कौशल्य मात्र अंतर्गत कार्यातूनच दिसते. अंतर्गत ४० गुणांसाठी विद्यार्थ्याकडून संशोधन आराखडा लिहून घ्यावयाचा असल्यास शिक्षकांना उदाहरणादाखल पुढीलप्रमाणे विभागणी करता येईल : प्रश्नाची मांडणी ८, पूर्वाभ्यासाचा आढावा ८, नमुना निवड १०, साधन व त्याची पूर्वचाचणी ८, संमती आणि संदर्भनिर्देश ६. ही विभागणी सत्राच्या प्रारंभीच विद्यार्थ्यांना लेखी दिल्यास गुण कोठे मिळाले व कोठे गेले, याबद्दल शंकेला जागा राहत नाही.

मिळालेल्या गुणांचे श्रेणीत रूपांतर विद्यापीठ अनुदान आयोगाने शिफारस केलेल्या दहा बिंदूंच्या मापनश्रेणीनुसार केले जाते. तीत ‘ओ’ म्हणजे असामान्य श्रेणीस १०, ‘ए प्लस’ला ९, ‘ए’ला ८, ‘बी प्लस’ला ७, ‘बी’ला ६, ‘सी’ला ५ आणि केवळ उत्तीर्ण दर्शविणाऱ्या ‘पी’ श्रेणीला ४ श्रेणीबिंदू असतात. ‘एफ’ म्हणजे अनुत्तीर्ण आणि गैरहजर विद्यार्थ्यास शून्य बिंदू मिळतात. किती टक्के गुणांना कोणती श्रेणी, हे विद्यापीठाच्या अध्यादेशात दिलेले असते. ते विद्यार्थ्याने प्रवेशाच्या वेळीच पाहून घ्यावे.

सत्राची सरासरी काढताना प्रत्येक विषयाच्या श्रेणीबिंदूंना त्या विषयाच्या श्रेयांकांनी गुणतात आणि बेरजेला एकूण श्रेयांकांनी भागतात. समजा, पहिल्या सत्रात ४ श्रेयांकांच्या तीन मुख्य विषयांत ८, ७ व ८, २ श्रेयांकांच्या विषयात ९, ४ श्रेयांकांच्या ऐच्छिक विषयात ७ आणि संशोधन पद्धतीत ६ बिंदू मिळाले. गुणाकार अनुक्रमे ३२, २८, ३२, १८, २८ व २४ असे येतात. त्यांची बेरीज १६२. तिला २२ ने भागता सत्राची सरासरी ७.३६ येते. संशोधन पद्धतीत ६ ऐवजी ९ बिंदू मिळाले असते, तर बेरीज १७४ आणि सरासरी ७.९१ झाली असती. एका विषयाचा परिणाम किती, हे यावरून ध्यानात येईल. या विषयात ‘एफ’ श्रेणी मिळाल्यास त्याचे चारही श्रेयांक जमा होत नाहीत आणि परीक्षा पुन्हा द्यावी लागते.

पीएच.डी.साठीच्या अटी

पदव्युत्तर पदवीनंतर पीएच.डी.साठी नोंदणी करणाऱ्यास संशोधन पद्धतीचा अभ्यास पुन्हा, अधिक खोलात करावा लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या विनियमांद्वारे पीएच.डी.पूर्व अभ्यासक्रम आवश्यक केला. २०१६ च्या विनियमांत त्यासाठी किमान ८ व कमाल १६ श्रेयांकांची मर्यादा होती. त्यांची जागा नोव्हेंबर २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या विनियमांनी घेतली. त्यांनुसार हा अभ्यासक्रम किमान १२ श्रेयांकांचा असून त्यात संशोधन पद्धती आणि ‘संशोधन व प्रकाशन नीती’ या दोन्ही विषयांचा समावेश बंधनकारक आहे. संशोधन व प्रकाशन नीती हा विषय आयोगाने २०१९ मध्ये निश्चित केला. तो २ श्रेयांकांचा व ३० तासांचा आहे.

या अभ्यासक्रमात किमान ५५ टक्के गुण अथवा दहा बिंदूंच्या मापनश्रेणीतील समतुल्य श्रेणी मिळविल्याशिवाय संशोधकाला पुढे काम चालू ठेवता येत नाही आणि प्रबंधही सादर करता येत नाही. पदवीच्या अभ्यासक्रमात केवळ उत्तीर्ण होणे पुरेसे असते, येथे तसे नाही, हा फरक अनेकांच्या उशिरा लक्षात येतो. पीएच.डी.चा किमान कालावधी अभ्यासक्रमासह तीन वर्षांचा आणि कमाल सहा वर्षांचा आहे. पुनर्नोंदणीद्वारे त्यात जास्तीत जास्त दोन वर्षांची वाढ मिळू शकते. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या संशोधकांना आणखी दोन वर्षांची सवलत देता येते. मात्र एकूण कालावधी दहा वर्षांपेक्षा अधिक होता कामा नये. महिला संशोधकांना प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजेची तरतूद आहे. नोकरी किंवा संसार सांभाळून संशोधन करणाऱ्या शिक्षिकांना या तरतुदींची माहिती असणे आवश्यक आहे.

वाङ्‌मयचौर्य आणि त्याचे परिणाम

दुसऱ्याचे लेखन आपले म्हणून सादर करण्याबाबत आयोगाने जुलै २०१८ मध्ये स्वतंत्र विनियम अधिसूचित केले. योग्य निर्देशासह दिलेली अवतरणे, संदर्भसूची, ऋणनिर्देश आदी भाग वगळून साम्य मोजले जाते. ते १० टक्क्यांपर्यंत असल्यास किरकोळ समजले जाते आणि त्यास दंड नाही. १० ते ४० टक्के साम्य असल्यास विद्यार्थ्याला सुधारित लेखन विहित मुदतीत, सहा महिन्यांच्या आत, सादर करावे लागते. ४० ते ६० टक्के साम्य आढळल्यास एक वर्षापर्यंत ते सादर करण्यास मनाई होते. साम्य ६० टक्क्यांहून अधिक असल्यास नोंदणी रद्द होऊ शकते.

तथापि संगणकाने दिलेला टक्का हा प्रामाणिकपणाचा दाखला नव्हे. शब्द बदलून दुसऱ्याचा विचार घेतला, अथवा न भेटलेल्या कुटुंबांची प्रश्नावली घरी बसून भरली, तर संगणकाला साम्य दिसणार नाही. या दुसऱ्या प्रकारापासून गावाचे नुकसान अधिक होते. भरलेल्या मूळ प्रश्नावल्या, भेटींची दिनांकवार नोंद आणि मौखिक परीक्षेतील प्रश्न हीच त्यावरील खरी तपासणी आहे. मार्गदर्शकाने प्रबंधाचे प्रकरण वाचण्यापूर्वी क्षेत्रीय नोंदवही पाहण्याचा परिपाठ ठेवल्यास पुष्कळ दोष आरंभीच टळतात.

पंचायत आणि प्रशासनाचा सहभाग

या अभ्यासक्रमाचे यश काही अंशी गावाच्या सहकार्यावरही अवलंबून आहे. पाहणीसाठी आलेल्या विद्यार्थ्याकडे महाविद्यालयाचे अथवा विद्यापीठ विभागाचे पत्र मागणे, पाहणीचा हेतू आणि माहितीचा उपयोग विचारणे, तसेच उत्तर देणे ऐच्छिक आहे, हे ग्रामस्थांना सांगणे ही पंचायत सदस्यांना सहज करता येण्यासारखी कामे आहेत. कोणती कुटुंबे हंगामात बाहेरगावी असतात, कोणती वस्ती गावठाणापासून दूर आहे, जुन्या यादीत कोणाची नावे राहून गेली आहेत, ही माहिती ग्रामसेवक, शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि आशा सेविका यांना असते. ती विद्यार्थ्याला वेळीच मिळाल्यास त्याचा नमुना सदोष होण्याचे टळते. विद्यार्थ्याला आपल्या सोयीच्या घरी नेण्याचा मोह मात्र पदाधिकाऱ्यांनी टाळला पाहिजे.

पाहणी पूर्ण झाल्यावर तिचा मराठीतील संक्षिप्त गोषवारा ग्रामपंचायतीला आणि संबंधित शाळेला देण्याची प्रथा विभागांनी पाडावी, हेही अगत्याचे आहे. आपण दिलेल्या उत्तरांतून काय निघाले, हे समजण्याचा उत्तरदात्यांना अधिकार आहे. शिवाय गोषवारा गावात वाचला जाणार, याची जाणीव असलेला विद्यार्थी अधिक जबाबदारीने लिहितो. एखादा आकडा चुकीचा असेल, तर तो प्रथम लक्षात येईल तो त्या गावातील माणसाच्याच.

दरवर्षी हजारो विद्यार्थी आता या अभ्यासक्रमातून बाहेर पडत आहेत. त्यांपैकी सर्वच संशोधक होणार नाहीत. पुष्कळ जण शिक्षक होतील, काही प्रशासनात येतील, काही गावाचा कारभार पाहतील. समोर आलेला अहवाल कोणाला विचारून, केव्हा आणि कसा तयार झाला, एवढे विचारण्याची सवय त्यांना लागली, तरी योजनांची आखणी अधिक डोळसपणे होईल. गुणपत्रिकेवरील चार श्रेयांकांच्या या विषयाची राज्याच्या विकासकार्यातील किंमत त्या सवयीवरूनच ठरणार आहे.